वारसा परिसराची रेषा आणि कौलांचा खर्च
खास प्रतिनिधी

गिरगावच्या भुयारी मेट्रो स्थानकातून वर यावे, जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरची गर्दी ओलांडावी आणि खोताच्या वाडीत वळावे. पन्नास पावलांत वाहनांचा गोंगाट मागे पडतो. अरुंद गल्ली, लाकडी कठड्यांचे व्हरांडे, घराच्या बाहेरून वर चढणारे जिने, उतरती कौले आणि मध्येच फुले वाहिलेला एखादा क्रूस. मान थोडी वर केली की याच कौलांच्या मागे उंच इमारती दिसतात. हे स्थानक २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. दक्षिण मुंबईतल्या जमिनीचा भाव आधीच गगनाला भिडलेला होता. आता तर ही वाडी मेट्रोच्या दारात आली आहे.

महानगरात अडकलेल्या या जुन्या खेड्यांचे काय करायचे, हा प्रश्न नवा नाही. त्यावरचे उत्तरही पालिकेच्या दप्तरी तीन दशके पडून आहे. एकेका इमारतीऐवजी संपूर्ण वस्तीलाच ‘वारसा परिसर’ घोषित करावे, तिच्या सीमा नकाशावर आखाव्यात आणि त्या सीमेच्या आत काय पाडता येईल, काय बांधता येईल, याला बंधने घालावीत, असे ते उत्तर. उत्तर बरोबर आहे. मात्र ते अर्धेच लिहिले गेले, आणि उरलेल्या अर्ध्यावाचून जे व्हायचे तेच होत आहे.

खोताच्या वाडीचा इतिहास अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जातो. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि वाडी उभी राहिली. या कुटुंबांना आपण आज ईस्ट इंडियन म्हणतो. हे नाव त्यांनी स्वतः घेतले ते १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, इथलेच मूळ रहिवासी, हे सरकारदरबारी ठसवणे हा त्यामागचा हेतू. त्यांची बोली मराठीचीच एक शाखा. लग्नाआधी विहिरीचे पाणी वाजतगाजत आणण्याचा ‘उंबराचं पाणी’ हा त्यांचा विधी कोणत्याही आगरी-कोळी घराला परका वाटणार नाही. तेव्हा ‘ती पोर्तुगीज धाटणीची घरे’ असे म्हणून या वस्त्यांना पाहुण्यांच्या रांगेत बसवण्याची आपली सवय मुळातच चुकीची आहे. ही घरे मुंबईच्या मराठी भूमीतली आहेत. खोताच्या वाडीतल्याच अनंताश्रम खाणावळीत मासळीच्या जेवणासाठी ताटकळलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. ती खाणावळही आता बंद झाली.

माझगावच्या माथारपाखाडीची गोष्टही अशीच. लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी, त्यांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा हे याच पाखाडीचे. वांद्र्याचे रनवार हे तिसरे ठळक नाव. याखेरीज साष्टीच्या जुन्या गावांची कितीतरी गावठाणे उपनगरांत विखुरलेली आहेत. सर्व मिळून मुंबईत १८९ गावठाणे असल्याचे ईस्ट इंडियन संघटना सांगत आल्या आहेत. त्यांपैकी किती ओळखू येण्याजोगी उरली, हे पाहायचे तर प्रत्येक ठिकाणी पायी फिरावे लागेल. खोताच्या वाडीत एके काळी अशी ६५ घरे होती, असे सांगितले जाते. आज त्यांतली निम्मीही शिल्लक नाहीत.

येथे वस्तीचा विचार का करायचा आणि घराचा का नाही, हे समजून घेतले पाहिजे. राजाबाई टॉवर एकटा उभा राहिला तरी तो राजाबाई टॉवरच असतो. खोताच्या वाडीतले एखादे घर मात्र एकटे काढून पाहिले तर ते एक जुने लाकडी घर, एवढेच. त्याची किंमत शेजारच्या घरामुळे, समोरच्या व्हरांड्यामुळे, दोहोंमधल्या गल्लीच्या रुंदीमुळे ठरते. अशा वस्तीत मधोमध एक टोलेजंग इमारत आली की शेजारच्या चार घरांचे ऊन-वारे जाते, गल्लीचे गटार बनते आणि त्या चार घरांच्या मालकांनाही मग विकसकाचा दूरध्वनी आपत्तीपेक्षा सुटका वाटू लागतो. वाडी अशी एकेक घराने नव्हे, चार-चार घरांनी संपते.

केंद्राचा पुरातन स्मारकांचा १९५८ चा कायदा अशा घरांना उपयोगाचा नाही. तो लेणी, किल्ले, मंदिरे, मशिदी यांच्यासाठी आहे. २०१० च्या दुरुस्तीने त्यात स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र आले. माणसे राहत असलेल्या, रोज डागडुजी मागणाऱ्या वस्तीला हे कुलूप लावले तर वस्ती आतल्या आत गुदमरेल. राज्याचा १९६० चा स्मारक कायदाही त्याच वळणाचा. खरे काम करू शकते ती महापालिकेची विकास नियंत्रण नियमावली. अमेरिकेतही अनुभव हाच. तिथे राष्ट्रीय नोंदवहीत वस्तीचे नाव लागणे हा बहुतांशी मान असतो. खासगी मालकाचा हात धरण्याची ताकद असते ती गावाने स्वतः केलेल्या स्थानिक नियमात, आणि या प्रकारचा पहिला नियम १९३१ मध्ये चार्ल्सटन शहराने केला. ब्रिटनने १९६७ च्या कायद्याने ‘संवर्धन क्षेत्र’ ही कल्पना देशभर लागू केली.

मुंबईने हा मार्ग १९९५ मध्ये धरला. विकास नियंत्रण नियमावलीतील नियम क्रमांक ६७ अन्वये वास्तूंची श्रेणीवार यादी झाली, वारसा परिसर ठरले, आयुक्तांना सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समिती अस्तित्वात आली. देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक होता आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. फोर्टातल्या दादाभाई नौरोजी मार्गावर दुकानांच्या पाट्या ताळ्यावर आल्या, काळा घोडा परिसराला रूप आले, आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींच्या समूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्याच वर्षी आलेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्येही वारसा प्रकरण कायम राहिले.

यशाची ही सगळी उदाहरणे कुठली आहेत, याकडे मात्र लक्ष द्यावे. न्यायालये, विद्यापीठ, बँका, विमा कंपन्या, दुकाने, सधन रहिवाशांच्या सदनिका. ज्यांच्या मागे संस्था आहे, भाडे आहे किंवा पैसा आहे, तिथे नियम टिकला. ज्यांच्या मागे निवृत्तिवेतनावर जगणारे एक वयस्कर जोडपे आणि परदेशी गेलेली दोन मुले आहेत, तिथे तो नकाशावर राहिला.

याचे कारण त्या नियमातच सापडते. बंधनामुळे ज्याचा बांधकामाचा हक्क बुडतो त्याला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची तरतूद त्यात होती. पण मोठे निर्बंध, मोठा भूखंड आणि कागदपत्रे चोख असतील तरच त्या तरतुदीचा लाभ. तीनशे-चारशे चौरस वारांवरच्या, चार भावंडांच्या सामाईक मालकीच्या लाकडी घराला तो मिळवता येणे म्हणजे लॉटरीच. यादीतल्या वास्तूंच्या दुरुस्तीला मदत म्हणून स्वतंत्र निधीचीही सोय नियमात केलेली होती, पण ती ‘निर्माण करता येईल’ या शब्दांत. ‘करावा लागेल’ आणि ‘करता येईल’ यांतला फरक सरकारी कचेऱ्यांत खेटे घातलेल्या कोणालाही ठाऊक असतो. बंधन सक्तीचे आणि मदत ऐच्छिक, असा हा सौदा ठरला. खासगी घरमालकाच्या छपरापर्यंत पोहोचेल असा नियमित निधी त्यातून उभा राहिलेला दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला पाडण्याचे बक्षीस मात्र दर काही वर्षांनी वाढत गेले. भाडेनियंत्रणामुळे १९४० पूर्वीच्या इमारतींचे मालक दुरुस्तीला हात लावेनासे झाले, तेव्हा सरकारने १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ नेमले आणि इमारतींवर उपकर बसवला. त्या वेळी अशा इमारती १९,६४२ होत्या. पुढे त्यांच्या पुनर्विकासासाठी चटईक्षेत्र निर्देशांक अडीच, मग तीन झाला. २००९ मध्ये समूह पुनर्विकासाला चार देण्यात आला. गिरगावातल्या शंभर चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या भाडेकरूला नवे, स्वतःच्या मालकीचे घर मिळावे हे न्याय्यच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या विभागात चार मजले चढवण्याला सरकार पैसे मोजते आणि दोन मजले टिकवण्याला पाठ थोपटते, तिथे वारसा परिसराच्या रेषेने काय आणि किती अडवावे? तिसऱ्या श्रेणीच्या वास्तू आणि परिसर यांच्यावरची बंधने सैल करण्याकडेच शासनाचा कल राहिला आहे, आणि वाड्या-पाखाड्या बहुतांशी याच पायरीवरच्या.

या सौद्याची प्रतिक्रिया कशी उमटते हे २०१२ मध्ये दिसले. वारसा समितीने सुमारे साडेनऊशे नव्या वास्तू व परिसरांची यादी पुढे केली, तिच्यात दादरचा शिवाजी पार्क परिसरही होता. समितीला टाळ्या अपेक्षित असाव्यात. मिळाल्या त्या हरकती. ज्या मैदानाबद्दल तिथला रहिवासी अभिमानाने बोलतो, ज्या कट्ट्यावर तो संध्याकाळ घालवतो, तोच रहिवासी ‘आमची इमारत यादीत नको’ म्हणून रस्त्यावर आला. त्याला संस्कृतीचे वावडे म्हणून नव्हे. तीन मजल्यांच्या, उद्वाहन नसलेल्या इमारतीत पायऱ्या चढणे ज्याला अशक्य झाले आहे आणि पुनर्विकास हीच ज्याची म्हातारपणाची तरतूद आहे, त्याला ‘तुमचे घर सुंदर आहे’ एवढे सांगून भागत नाही. संवर्धनवाद्यांनी त्या विरोधाला बिल्डरांची फूस ठरवले. काही अंशी ती असेलही. पण तेवढ्यावर विषय संपवणे ही स्वतःची फसवणूक होती.

गावठाणांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. वारसा परिसराची सीमा आखायची तर आधी गावाची सीमा ठाऊक हवी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. ती महसूल खात्याची बाब. वारसा यादी पालिकेची. नियमावलीला अंतिम मंजुरी नगरविकास खात्याची. मुंबईची अनेक गावठाणे या तिघांच्या मध्ये हरवली आहेत. त्यांची हद्द जुन्या नकाशात एक, प्रत्यक्षात दुसरी. घरांच्या मालकीचे कागद आजोबांच्या नावावर, वारसनोंद अपुरी, बहिणींचे हक्क तोंडी सोडलेले. कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या सीमांकनाची मागणी त्यामुळेच इतकी वर्षे धरून लावली गेली आहे. ग्रामीण भागात २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. शहराने गिळलेल्या गावठाणाला मात्र ना खेड्याची योजना लागू, ना शहराची सवलत.

इतरांनी काय केले? अहमदाबादच्या तटबंदीच्या आतले शहर २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, असा मान मिळवणारे ते भारतातले पहिले शहर. तिथल्या पोळांतली लाकडी कोरीव घरे आपल्या वाड्यांची सख्खी भावंडे. अहमदाबादच्या पालिकेने यादीतल्या घराच्या मालकाला न वापरलेले चटईक्षेत्र टीडीआरच्या रूपाने विकण्याची वाट खुली केली. सगळी घरे त्यामुळे वाचली असे नाही. वारसांमधले तंटे तिथेही आहेत आणि रिकामी घरे गोदामे होत आहेत. पण ‘हे घर राखलेत तर अमुक मिळेल’ असे वाक्य मालकाला ऐकवता येते, आणि त्यात खूप काही आले.

याहून शिकण्यासारखा वाटतो तो पुदुच्चेरीचा धडा. तिथला फ्रेंच भाग सर्वांना माहीत असतो, पण ‘इंटॅक’ने युरोपीय महासंघाच्या आशिया अर्ब्स कार्यक्रमातून २००२ नंतरच्या दोन-अडीच वर्षांत जे हाती घेतले ते तमिळ वस्तीतल्या वैश्याळ रस्त्याचे काम. रस्त्याकडे तोंड करून बसलेले ‘तिण्णै’, म्हणजे आपली ओसरी किंवा पडवी, हे त्या घरांचे वैशिष्ट्य. दर्शनी भागाच्या दुरुस्तीचा खर्च मालक आणि प्रकल्प यांनी वाटून घ्यायचा, असे सूत्र ठरले. सलग घरे दुरुस्त झाल्यावर रस्ता रस्त्यासारखा दिसू लागला आणि २००८ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. हे साधले ते निर्बंधाच्या आधी पैसा आणि गवंडी दारात आल्यामुळे. आणि याच शहरात सरकारी मालकीची मेरी, म्हणजे जुनी नगरपालिका, दुरुस्तीची वाट पाहत २०१४ च्या नोव्हेंबरमधल्या पावसात कोसळली. ती पुन्हा उभी करावी लागली. मालक सरकार असले म्हणजे वारसा सुरक्षित, हा समज त्या ढिगाऱ्याखाली गाडायला हरकत नाही.

गोव्याकडे पाहताना सावधगिरीही शिकावी लागेल. पणजीच्या फोंतेन्हासला संवर्धन क्षेत्राचे कवच आहे. घरे रंगवलेली, गल्ल्या स्वच्छ, बघणारा हरखून जातो. पण अलीकडच्या वर्षांत तिथल्या रहिवाशांची तक्रार वेगळीच आहे: पहाटेपासून दारापुढे चालणारी छायाचित्रणे, पायऱ्यांवर बसणारे परके, खिडकीतून आत वळणारे कॅमेरे. वस्ती वाचली पण राहणाऱ्याला ती आपली वाटेनाशी झाली, तर पुढच्या पिढीत तिथे अतिथिगृहेच उरतील. रनवारच्या जुन्या घरांत कॅफे आणि दुकाने शिरू लागली आहेत, त्याकडेही याच दृष्टीने पाहावे. एका मर्यादेपर्यंत हे चांगलेच. तळमजल्याचे भाडे वरच्या मजल्याचे छप्पर राखते. ती मर्यादा कुठे, हे ठरवायला परिसराचा स्वतःचा आराखडा लागतो, आणि नुसत्या यादीत नाव घातल्याने तो तयार होत नाही.

मग मुंबईने नेमके काय करावे? आमच्या मते आधी हिशेब मांडावा, रेषा मागाहून. खोताच्या वाडीत किंवा माथारपाखाडीत उरलेली घरे इतकी थोडी आहेत की प्रत्येक घराची पाहणी काही आठवड्यांचे काम आहे: मालकी कोणाची, भाडेकरू किती, वासे किती कुजले, दुरुस्तीला किती लागेल. हजारो कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या पालिकेला एवढ्या घरांच्या छपरांचा वाटा उचलणे जड जाऊ नये. वाड्याच्या बदल्यात मिळणारा टीडीआर छोट्या भूखंडालाही मिळावा आणि तो विकण्यासाठी दलालाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, म्हणून पालिकेनेच तो ठरावीक दराने विकत घ्यावा. कौल बदलणे, कठडा दुरुस्त करणे, लाकडी खांबाच्या जागी तसाच खांब घालणे यासाठी समितीपुढे महिनोन्महिने ताटकळावे लागू नये; विभाग कार्यालयातल्या प्रशिक्षित अभियंत्याने ते जागेवर मंजूर करावे. वारसनोंदींसाठी महसूल खात्याने त्या त्या गावठाणात शिबिर लावावे. आणि सुनावणी वाडीतच घ्यावी. मुख्यालयातल्या सभागृहात म्हातारी माणसे येत नाहीत, त्यांच्या वतीने भलतेच येतात.

याला एक आक्षेप घेतला जाईल आणि तो बिनबुडाचा नाही. सार्वजनिक पैसा काही मूठभर खासगी घरांवर का खर्चायचा? लालबाग-परळच्या चाळीत शौचालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने हे विचारले तर त्याला उत्तर द्यावेच लागेल. उत्तर असे की खर्च करून मिळते ते सार्वजनिकच असावे, ही अट घालावी. ज्याने मदत घेतली त्याने ठरावीक वर्षे घर पाडायचे नाही, विकले तरी ती अट नव्या मालकावर राहील आणि अट मोडली तर पैसे व्याजासह परत. असे न करता फुकटचे अनुदान वाटले तर ते नव्या मालकाच्या दिवाणखान्यात जाईल आणि वाडी जिथल्या तिथे राहील.

मुंबईबाहेरही हे लवकरच ऐरणीवर येणार आहे. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तू आणि परिसरांची तरतूद आहे. पुण्याच्या पेठांतले वाडे, नाशिकच्या पंचवटीकडची जुनी घरे, वाईचा घाट, ही सगळी या तरतुदीच्या कक्षेत येऊ शकतात. पुण्यात तर वाडा पडल्याची बातमी दर पावसाळ्यात ठरलेली. धोकादायक म्हणून नोटीस, मग भाडेकरू बाहेर, मग जेसीबी, हा क्रम पाठ झाला आहे. तिथल्या पालिका मुंबईच्या नियमाची नक्कल करतील तेव्हा ‘निधी निर्माण करता येईल’ हे वाक्यही जसेच्या तसे उचलतील का, एवढेच पाहायचे आहे.

खोताच्या वाडीत पावसाळ्याआधीची लगबग अजून होते. मे महिन्यात अंगणात मिरच्या वाळत पडतात, बाटलीत भरायच्या मसाल्याची तयारी होते, आणि त्याच आठवड्यात कोणीतरी छपरावर चढून फुटलेली कौले मोजत असते. तुकड्याला तुकडा जुळणारे जुने कौल मिळवायचे ते पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातूनच, आणि चढणाऱ्या माणसाची मजुरी अजून तरी घरमालकच देतो.